शाळा इथे, मूल तिथे

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तालुके त्या यादीत होते. दुष्काळ जाहीर झाला की आठ ठरलेल्या सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट मिळते, सहकारी कर्जाचं पुनर्गठन होतं, शेतीकर्जाची वसुली थांबते, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट मिळते, पंपाची वीज तोडली जात नाही, रोजगार हमीचे निकष सैल होतात, लागेल तिथे टँकर सुरू होतो. उरलेली एक सवलत विद्यार्थ्यांसाठी असते: परीक्षा शुल्क माफ.

मुलांचा उल्लेख या यादीत एवढाच. सवलत चांगली आहे, पण तिचा फायदा घ्यायला मूल परीक्षेच्या दिवशी शाळेत तर असलं पाहिजे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली हजारो मुलं तोवर गावात उरलेलीच नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावागावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळी, कोंबड्या, अंथरुणं आणि सगळ्यांत वर पोरं. गाड्या ऊसतोडीसाठी सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगरकडे किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा वर्गातले अर्धे बाक रिकामे, असं चित्र पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूरच्या शिक्षकांच्या चांगलंच ओळखीचं आहे.

हवामान बदल आणि मुलं हा विषय निघाला की बोलणं बहुधा भविष्यकाळात होतं. पुढच्या पिढीसाठी पृथ्वी राखून ठेवायला हवी, असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. पण जे मूल आज तिसरीत आहे आणि यंदा पाऊस हुकला म्हणून उसाच्या फडावर गेलं आहे, त्याचं नुकसान वर्तमानकाळातलं आहे. बुडालेली तिसरी त्याला कोणी पुढच्या वर्षी परत आणून देत नाही.

ऊसतोडीचं स्थलांतर हवामान बदलामुळे जन्माला आलं, असं म्हणणं खरं नाही. १९७२ च्या दुष्काळाआधीपासून माणसं तोडणीला जात होती आणि त्या दुष्काळानंतर हा ओघ वाढतच गेला. कोरडवाहू जमिनीचे तुकडे, सिंचनातला अनुशेष, उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन बांधून घेणारी मुकादमी पद्धत, ही त्याची जुनी कारणं. आणखी एक कडवट गोष्ट म्हणजे, ज्या पिकाच्या तोडणीला दुष्काळी भागातली माणसं जातात, ते पीक राज्यातली थोडी जमीन व्यापून सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा पितं. ही सगळी घडी माणसाने घातलेली आहे. हवामानाचं काम तिच्यावर दर दोन-तीन वर्षांनी नवा दाब टाकण्याचं. ज्या घराला एरवी सोयाबीन-कापसावर वर्ष काढता आलं असतं, ते घरही मग मुकादमाच्या दारात उभं राहतं.

हा दाब वाढतो आहे, हे आता मोजून दाखवता येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं दिसलं. एकूण पाऊस मात्र वाढलेला नव्हता. म्हणजे पडतो तेव्हा धो धो आणि मधल्या काळात ओढ. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापुरात अतिवृष्टी झाली. सीनेसारख्या एरवी आटलेल्या नदीने गावं वेढली, पिकं सडली, कितीतरी ठिकाणी माती खरवडून गेली आणि शेतात नुसता खडक उरला. घरांत शिरलेल्या पाण्यात मुलांची दप्तरं आणि वह्या-पुस्तकं वाहून गेली किंवा लगदा होऊन बसली. दुष्काळातून सावरायला लागतो तेवढाही वेळ न देता पूर येत असेल तर अशा घरातल्या मुलाने शिकायचं कधी?

तोडणीच्या अड्ड्यावर मुलाचा दिवस कसा जातो, ते जरा जवळून बघायला हवं. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात बांबू, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाच्या कोप्या असतात, आत वाकूनच जावं लागेल इतक्या बुटक्या. वीज बहुतेक ठिकाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. आई-बाप पहाटे तीन-चारला उठतात. भाकरी थापून झाल्या की फडाकडे निघतात. जनावरांची टायरगाडी असेल तर बैलांचंही बघावं लागतं. तान्ह्या बाळाला सोबत नेतात आणि बांधावर झाडाला, झाड नसेल तर गाडीखाली झोळी बांधतात. त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची ताई. ती हंडा भरते, चूल पेटवते, लहानग्याला खेळवते. त्यातून वेळ उरला तर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते. दहा-बारा वर्षांचा भाऊ मोळ्या गाडीकडे ओढतो. उसाच्या पानाची धार हातापायांवर बारीक चरे पाडते आणि त्यात घाम झोंबतो. पहाटे थंडी, दुपारी ऊन. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते ऊन असह्य होतं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सुटका नसते.

राज्यात ऊसतोड मजूर सुमारे दहा लाख असावेत, असं साधारणपणे धरलं जातं. ऑक्सफॅम या संस्थेच्या अंदाजानुसार त्यांच्यासोबत चौदा वर्षांखालची दोनेक लाख मुलं जातात. अंदाजच म्हणायचे, कारण या मुलांची हंगामी शिरगणती कुठे एका जागी होतच नाही.

मुलांचे हक्क म्हणजे नेमकं काय, याची यादी जगाने १९८९ साली केली. त्या वर्षीच्या २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली. जगणं आणि वाढ, आरोग्य, शिक्षण, खेळ आणि विश्रांती, शोषणापासून संरक्षण, स्वतःचं म्हणणं मांडणं, हे सगळं तिच्यात आहे. कोपीवरच्या त्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर ही संहिता ठेवली तर एकेक कलम गळताना दिसतं. पाणी अशुद्ध, म्हणजे आरोग्य गेलं. शाळा सुटली, म्हणजे शिक्षण गेलं. खेळ आणि विश्रांती तर तिच्या वाट्याला भावंड झोपलं तरच. तिला काय वाटतं हे विचारायला कोणी येतच नाही.

संहिता लिहिली गेली तेव्हा हवामान बदल हा शब्द तिच्यात नव्हता. ती उणीव २८ ऑगस्ट २०२३ रोजी भरून निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने आपलं सव्विसावं सर्वसाधारण भाष्य प्रसिद्ध केलं आणि पर्यावरण, विशेषतः हवामान बदल, हा मुलांच्या हक्कांचा प्रश्न आहे असं स्पष्ट लिहिलं. या मसुद्यासाठी १२१ देशांतल्या १६ हजारांहून जास्त मुलांनी आपली मतं पाठवली होती. भाष्याचा गाभा असा: हवामानामुळे होणारी हानी आधी दिसत असेल तर ती टाळण्याची जबाबदारी सरकारची आहे. हानी झाल्यावर मदत पोचवली एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही. शिवाय उद्योगधंद्यांवर लक्ष ठेवणं हेही सरकारचंच काम. ऊसपट्ट्यात या वाक्याचा अर्थ फार थेट आहे.

दुष्काळाचा घाव मुलींवर अधिक खोल पडतो. वयात आलेली मुलगी गावात आजी-आजोबांजवळ ठेवून सहा महिने लांब जायला आई-बाप धजावत नाहीत, आणि उघड्या रानातल्या कोपीवर न्यायलाही त्यांचं मन घेत नाही. तिसरा मार्ग म्हणून लग्न लावलं जातं. त्यात हिशेबही असतो. तोडणीच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. घरात सून आली की कोयता पुरा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं, बीड जिल्ह्यात ते जवळपास दुप्पट. परभणीची स्थिती त्याहून वाईट. हे दोन्ही जिल्हे पावसाच्या लहरीवर जगणारे आहेत, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

पाण्याचंही तसंच. २०१६ चा उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते हेच वर्ष. त्याच एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यात बारा वर्षांची एक मुलगी भर उन्हात हातपंपावरून पाणी आणता आणता कोसळली आणि गेली. त्या दिवशी तापमान चाळीस अंशांच्या वर होतं. घरचं पाणी भरणं हे तिचं रोजचंच काम होतं. पाण्याची रेल्वे बातम्यांत आठवडेच्या आठवडे राहिली, या मुलीची बातमी दोन दिवसांत मागे पडली.

उन्हाचा त्रास मुलाला मोठ्या माणसापेक्षा जास्त का होतो, याचं कारण शरीररचनेत आहे. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे बाहेरची उष्णता शरीरात लवकर शिरते. घाम कमी येतो, म्हणून शरीर थंड व्हायला वेळ लागतो. वजनाच्या प्रमाणात ते हवा जास्त घेतं, पाण्याची गरजही जास्त असते. आणि तहान लागली, चक्कर येते आहे, सावलीत न्या, हे तान्हं मूल सांगूच शकत नाही. त्यात कुपोषण असेल तर एका जुलाबाने मूल धोक्यात येतं. त्यामुळे हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा इशारा देतं तेव्हा तो अंगणवाडीला आधी पोचायला हवा.

युनिसेफने २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात ८५ देशांतल्या २४ कोटींहून जास्त विद्यार्थ्यांची शाळा हवामानाच्या तडाख्यामुळे कधी ना कधी खंडित झाली. त्यात भारतातले साडेपाच कोटींच्या आसपास, आणि मुख्य कारण उष्णतेच्या लाटा. विदर्भाला हे नवीन नाही. तिथल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, तो निर्णय उन्हाशी जुळवून घेण्याचाच आहे. पण २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबवण्यात आल्या तेव्हा शिक्षक आणि पालक दोघंही अस्वस्थ झाले. पत्र्याचं छप्पर, बंद पडलेला पंखा, वीजबिल थकल्याने कापलेली वीज, अशा वर्गात मूल दुपारी उत्तरपत्रिका लिहीत बसणार, हे वेळापत्रक आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायलाच हवं होतं.

काही उपाय अगदी स्वस्त असतात. केरळमध्ये २०१९ पासून शाळांत दिवसातून काही वेळा पाण्याची घंटा वाजते, आणि ती वाजली की सगळी मुलं पाणी पितात. यामागे मुलींची एक अडचण होती. शाळेतल्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नसत. म्हणजे घंटेच्या जोडीने स्वच्छतागृहही नीट हवं. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर, २०१३ मध्ये, दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवायला घेतली. सकाळची शाळा, पांढरं छप्पर, माठ, आवारातली चार कडुनिंबं: यांतलं काहीही जिल्हा परिषदेच्या आवाक्याबाहेरचं नाही.

कोकणात संकटाचं रूप निराळं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. ठाकर समाजाची ती वाडी. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, पण परत जायला त्यांना घरच उरलं नाही. अशा मुलांना पहिल्या आठवड्यात खाऊ, कपडे आणि भेटी देणाऱ्यांची रीघ लागते. त्यांना खरी गरज असते ती पुढच्या पाच-सात वर्षांची: पालक कोण, जमिनीचा वारसा कोणाच्या नावे, जातीचा दाखला कोण काढून देणार, रात्री पाऊस वाढला की धास्तावणाऱ्या मुलाशी कोण बोलणार. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. डोंगर खचण्याच्या प्रत्येक घटनेनंतर घरं बांधायच्या तारखा जाहीर होतात. त्याच पत्रकात मुलांसाठी असा लांब पल्ल्याचा एक परिच्छेद असायला काय हरकत आहे?

मुलं मात्र हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. उत्तराखंडची रिद्धिमा पांडे २०१७ मध्ये नऊ वर्षांची होती. २०१३ चा केदारनाथचा प्रलय तिच्या लहानपणीच झालेला. तिने राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला आणि सरकार हवामानाबाबत पुरेशी पावलं उचलत नाही, अशी तक्रार मांडली. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने तो निकाली काढला. पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करताना हवामानाचा विचार होत नाही असं मानायला कारण नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिद्धिमा आणि ग्रेटा थुनबर्गसह सोळा मुलांनी अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तानविरुद्ध थेट बालहक्क समितीकडे दाद मागितली. समितीने २०२१ मध्ये, आधी त्या त्या देशातल्या न्यायालयात जायला हवं होतं, या कारणावरून तक्रार दाखल करून घेतली नाही. पण जाता जाता एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: एका देशातल्या धुराने दुसऱ्या देशातल्या मुलाची हानी होत असेल तर पहिला देश जबाबदार धरला जाऊ शकतो.

ही गोष्ट महत्त्वाची का, ते एका आकड्यावरून कळतं. युनिसेफच्या २०२१ च्या बाल हवामान जोखीम निर्देशांकात ३३ देश अत्यंत जोखमीचे ठरले. जगातली सुमारे शंभर कोटी मुलं तिथे राहतात, आणि हे सगळे देश मिळून जगाच्या कर्बवायूच्या फक्त नऊ टक्के वायू सोडतात. भारत त्या यादीत सव्विसावा.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सोळा मुला-तरुणांनी खटला भरला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जिंकला. त्या राज्याच्या घटनेत स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे, हा त्यांचा मुख्य आधार होता. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. भारताच्या घटनेत असं कलम नाही, पण २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून निघतो, असं सांगितलं. खटला होता माळढोक पक्ष्याचा, राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोकांचा. पक्ष्याच्या निमित्ताने मिळालेला हा हक्क फडावरच्या मुलापर्यंत अजून कोणी आणलेला नाही. तो आणण्याची जागा खुली आहे. ऊसतोड कामगारांच्या हालांची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली आहेच.

न्यायालयाचा आदेश थेट ताटापर्यंत पोचल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. शाळेला सुट्टी लागली की शाळेतलं जेवण थांबतं, आणि दुष्काळात नेमकी तेव्हाच घरातली चूल मंदावलेली असते. मे २०१६ मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही माध्यान्ह भोजन चालू ठेवा, आणि अंडं, दूध किंवा तसाच पौष्टिक पदार्थही द्या, असा आदेश दिला. आदेशाची अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही हे खरं, पण त्यातला विचार फार मोलाचा होता. मुलाचा हक्क शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेला नाही, आपत्तीत तो वेळापत्रकाबाहेरही चालू राहतो.

आता हाच विचार एक पाऊल पुढे न्यायला हवा: हक्क गावालाही बांधलेला नाही. आपल्या बहुतेक योजना गाव धरून आखलेल्या आहेत. अंगणवाडीचा आहार त्या अंगणवाडीत, लस त्या उपकेंद्रात, खिचडी त्या शाळेत. मूल जागेवर राहील, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. हवामान बिघडत गेलं की पहिली हलते ती हीच धारणा.

कायद्याला हे कळलेलं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा शाळाप्रवेश पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. म्हणजे मूल शिरूर कासारहून कारखान्यावर आलं तर ती जबाबदारी कारखान्याच्या गावाची. राज्याने शिक्षण हमी कार्डही काढलं. गाव सोडताना शिक्षकाने ते मुलाच्या हातात द्यायचं आणि पोचल्या ठिकाणच्या शाळेने ते पाहून वर्गात बसवून घ्यायचं. बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक फोनवरून, गाडीवरून अशा मुलांचा माग काढतात, स्वतःच्या खिशातून वह्या देतात. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी तेवढी थोडी. पण फडापासून शाळा तीन-चार किलोमीटरवर असेल, टोळी दर काही दिवसांनी जागा बदलत असेल आणि धाकटं भावंड सांभाळायला दुसरं कोणी नसेल, तर कार्ड पत्र्याच्या पेटीतच राहतं. कर्नाटकात गेलेल्या मुलाच्या जवळची शाळा कन्नड निघते. सातपुड्यातून दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात गेलेल्या नंदुरबारच्या भिल्ल मुलाला गुजराती शाळा मिळते, आणि त्याला तर मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागलेली असते.

कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा झाल्या, पण अनेक ठिकाणी त्या टिकल्या नाहीत. गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं हा त्यातल्या त्यात बरा उपाय ठरला, कारण शाळा, शिक्षक आणि सवंगडी तेच राहतात. मात्र त्यांची मंजुरी आणि पैसे हंगाम निम्मा झाल्यावर आले तर उपयोग नाही. तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलामुलींची वेगळी. मुलींसाठी याचं मोल फार आहे. सुरक्षित वसतिगृहात एक जागा मिळणं, म्हणजे कितीतरी घरांत लग्नाची बोलणी दोन-तीन वर्षं पुढे जाणं. पण सहा वर्षांखालची मुलं वसतिगृहात राहू शकत नाहीत, ती आईजवळच असणार. त्यांच्यासाठी फडाजवळ पाळणाघर आणि फिरती अंगणवाडी याला पर्याय नाही. पाळणाघर झालं की मोठ्या बहिणीची सुटका आपोआप होते. एका खोलीत दोन मुलांचे हक्क सांभाळले जातात.

यासाठी माहिती नाही, ही सबब तर मुळीच चालणार नाही. कोणत्या गावातून किती कोयते येणार, हे कारखान्याला आणि वाहतूकदाराला हंगामाच्या काही महिने आधी माहीत असतं. तोडणी-वाहतुकीचे करार होतात, उचल वाटली जाते, मुकादमाच्या वहीत नावं चढतात. त्या वहीत फक्त मुलांचा रकाना नसतो. स्थलांतर करणाऱ्या माता आणि बालकांचा माग ठेवणारी प्रणाली महिला व बालविकास विभागाने सुरू केली आहे. कोयत्यांची यादी तिला जोडली, तर ऑगस्टमध्येच कळेल की अमुक कारखान्याच्या परिसरात नोव्हेंबरात तीनशे मुलं येणार आहेत, त्यांत साठ तान्ही असतील, चाळीस मुलींना वसतिगृह लागेल.

पैशाची वाटही काढून ठेवलेली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या प्रत्येक टनामागे दहा रुपये कारखान्याने द्यायचे, असा निर्णय झालेला आहे. हंगाम सुरू करण्यासाठी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. परवाना मागताना शेतकऱ्यांची थकबाकी तपासली जाते, देणी तपासली जातात. सोबत येणाऱ्या मुलांची यादी, जवळच्या शाळेतल्या प्रवेशाचे दाखले आणि पाळणाघराची जागा, हे तीन कागद त्याच अर्जाला जोडायला लावणं आयुक्तालयाला अवघड नाही. परवान्याचे अर्ज दरवर्षी हंगामाच्या तोंडावर येतात. ही अट तोपर्यंत लिहून तयार हवी.